धनुष्याचे लाकूड

कोकणच्या भूमीची जन्मकथा एका बाणापासून सुरू होते. परशुरामाने सह्याद्रीवरून बाण सोडला, तो जिथे पडला तिथपर्यंत समुद्र मागे हटला आणि ही किनारपट्टी वर आली, असे परंपरा सांगते. आमच्या मुंबईतही वाळकेश्वराचा बाणगंगा तलाव श्रीरामाच्या बाणाने निर्माण झाल्याची आख्यायिका आहे. बाण कुणी मारला, कुठे मारला आणि तो कुठवर गेला हे कथा आवर्जून नोंदवते. तो बाण ज्या धनुष्यावरून सुटला ते कोणत्या झाडाचे होते, ते झाड कोणत्या ऋतूत तोडले, लाकूड किती काळ मुरवले, हे मात्र कथा सांगत नाही. इतिहासग्रंथांचीही हीच तऱ्हा आहे. लढाया आणि विजेत्यांची नावे तेथे मिळतात. लाकूड तोडणारा व मुरवणारा माणूस पानाच्या समासातही आढळत नाही. प्रस्तुत लेखात त्या विस्मृत माणसाच्या विद्येकडे थोडे वळून पाहण्याचा मानस आहे.

या विषयाकडे आम्ही वळलो ते एका चुकीमुळे, आणि ती चूक आमचीच होती. काही वर्षांपूर्वी, आजच्या पालघर जिल्ह्यातील एका वारली पाड्यावर आमचा दोन दिवस मुक्काम होता. निघताना तेथील एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांला स्वतःच्या हाताने केलेला एक तीरकमठा भेट दिला. ते एवढेच म्हणाले, "फादर, दोरी उतरवून ठेवा आणि चुलीच्या धुरात टांगा." आम्ही ते हसून ऐकले. वांद्र्याला परतल्यावर मात्र ते धनुष्य आम्ही दोरी चढवलेल्या अवस्थेतच, खिडकीशेजारच्या भिंतीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असे लावून ठेवले. आमच्या निवासात चूल कुठली? जून सरला, जुलै आला. वांद्र्याच्या जुन्या घरांतून राहणाऱ्यांना जुलै म्हणजे काय ते सांगायला नको. रणवारच्या लाकडी जिन्यांच्या घरांत दरवाजे चौकटीत अडकून बसतात, कपाटाचे खण ओढता ओढता मूठ हातात येते आणि चर्चच्या वस्त्रागारातील कपाटांना बुरशीचा वास येतो. त्या ओलाव्यात आमचे धनुष्य हळूहळू वाकत गेले. सप्टेंबरात दोरी उतरवली तेव्हा ते सरळ झालेच नाही. बाण दहा पावलांवरही जाईना. त्या वृद्धांनी एका वाक्यात सांगितलेले शास्त्र आम्ही सेमिनरीत इतकी वर्षे घालवूनही समजून घेतले नव्हते. ते समजून घेण्याचा प्रयत्न तेव्हापासून सुरू झाला.

प्रथम या शास्त्राचे मूळ तत्त्व पाहू. धनुष्य ओढले जाते तेव्हा त्याच्या दोन बाजूंवर परस्परविरोधी ताण येतात. शत्रूकडे असलेली बाजू ताणली जाते आणि धनुर्धराकडे असलेली बाजू दाबली जाते. जे लाकूड हे दोन्ही सोसून पुन्हा पूर्वस्थितीला येते तेच धनुष्याला योग्य. असे लाकूड निसर्गात फार थोडे आहे, आणि युरोपात त्याचे नाव 'यू' असे आहे. हा सूचिपर्णी वर्गातील, अतिशय संथ वाढणारा सदाहरित वृक्ष. त्याच्या खोडात बाहेर फिकट रंगाचे रसकाष्ठ आणि आत नारिंगी-तपकिरी गाभा असतो. रसकाष्ठ ताण उत्तम सोसते, गाभा दाब उत्तम सोसतो. म्हणून कारागीर दोन्हींचा थर एकाच फळीत राहील अशा बेताने खोड फोडतो, रसकाष्ठाचा पातळ थर पाठीकडे ठेवतो आणि गाभा पोटाकडे. इतर कारागिरांना जे गुण दोन वस्तू चिकटवून साधावे लागतात, ते या झाडात निसर्गानेच एकत्र जोडून दिले आहेत.

यूची तोड शक्यतो हिवाळ्यात करतात, कारण तेव्हा झाडातील रसाची हालचाल मंदावलेली असते. खोड करवतीने कापत नाहीत. पाचरी ठोकून धाग्याच्या दिशेने त्याचे उभे तुकडे फोडतात. करवत धागे तोडत जाते, पाचर मात्र धाग्यांच्या मधून वाट काढते, आणि धागा तुटलेला असेल तर धनुष्य त्याच जागी मोडते. मग ओंडक्याची टोके मेण, चरबी किंवा रंग लावून बंद करतात. लाकडातील पाणी टोकांतून फार वेगाने बाहेर पडते. टोके आधी सुकून आकसली आणि मधला भाग ओलाच राहिला, तर लाकूड टोकांकडून चिरत जाते. त्यानंतर हे तुकडे सावलीत, वारा खेळेल अशा जागी, जमिनीपासून वर रचून ठेवतात. उन्हात नाही आणि अग्नीजवळही नाही. एक वर्ष, दोन वर्षे, प्रसंगी त्याहूनही अधिक काळ ते तसेच पडून राहतात. ताज्या लाकडाच्या पेशींच्या पोकळीत पाणी असते आणि पेशींच्या भिंतींतही असते. पोकळीतले पाणी गेल्याने लाकूड फक्त हलके होते. भिंतीतले पाणी, म्हणजे लाकडाच्या कोरड्या वजनाच्या सुमारे तीस टक्क्यांहून कमी ओलावा उरल्यावर जे जाऊ लागते ते, गेल्यानेच लाकूड आकसते, कडक होते आणि त्यात स्प्रिंगचा गुण येतो. ही शेवटची पायरी घाईने ओलांडता येत नाही.

आमच्या मराठीत या क्रियेला 'मुरणे' हा सुंदर शब्द आहे. लोणचे मुरते, पाणी जमिनीत मुरते, अनुभवी माणसाला आपण मुरलेला म्हणतो आणि सुतार मुरलेल्या लाकडाची मागणी करतो. या सर्व ठिकाणी अर्थ एकच आहे. बाहेरून काही घडत नाही असे वाटत असते, तेव्हा आत सर्व काही घडत असते.

यूचा उपयोग मानवाला किती पुरातन काळापासून ठाऊक आहे, याचा पुरावा थक्क करणारा आहे. १९११ साली इंग्लंडमध्ये क्लॅक्टन येथे सापडलेले यूच्या भाल्याचे टोक सुमारे चार लाख वर्षांपूर्वीचे आहे. १९९१ साली आल्प्सच्या हिमनदीत ज्या प्राचीन मानवाचा गोठलेला देह सापडला, तो सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा. त्याच्याजवळ यूचे १.८२ मीटर लांबीचे धनुष्य होते, आणि ते अपुरे होते. तासणीच्या खुणा त्याच्यावर स्पष्ट दिसतात. मृत्यूने गाठले तेव्हा तो मनुष्य आपले धनुष्य घडवीत होता. मध्ययुगात इंग्लंडने या लाकडावर आपले लष्करी सामर्थ्य उभारले. १३४६ मध्ये क्रेसी आणि १४१५ मध्ये आझँकूर येथे फ्रेंच सरदारांची चिलखतबंद फौज यूच्या धनुष्यांपुढे कोसळली.

मात्र या वैभवाची किंमत जंगलांनी चुकवली. इंग्लंडमधील यू बहुधा वाकडातिकडा व गाठींनी भरलेला असतो. थंड, उंच डोंगरांवर सावकाश वाढलेला, दाट वर्षवलयांचा सरळ यू धनुष्याला उत्तम, आणि तो परदेशातून आणावा लागे. म्हणून १४७२ साली इंग्लंडच्या संसदेने कायदा केला की, जहाजातून येणाऱ्या मालाच्या प्रत्येक टनामागे व्यापाऱ्याने धनुष्याची चार लाकडे आणावीत. १४८४ साली तिसऱ्या रिचर्डच्या राजवटीत आयात मद्याच्या प्रत्येक पिंपामागे दहा लाकडांची अट आली. कर म्हणून लाकूड मागणारे राज्य आम्हांला तरी इतिहासात फारसे आढळलेले नाही. परिणाम असा झाला की, शतकभरात आल्प्सच्या परिसरातील उत्तम यू जवळजवळ नाहीसा झाला. बंदुकीने धनुष्याला हरवले हे खरेच. तथापि बंदुकीने त्याची जागा पूर्णपणे घेण्याआधीच धनुष्याने स्वतःचे झाड संपवत आणले होते, हेही तितकेच खरे.

त्या काळाची साक्ष समुद्राने जपून ठेवली. आठव्या हेन्रीचे 'मेरी रोझ' हे जहाज १९ जुलै १५४५ रोजी पोर्ट्समथजवळ बुडाले. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी ते वर काढले गेले. उत्खननात यूची १३७ अखंड धनुष्ये आणि साडेतीन हजारांहून अधिक बाण मिळाले. गाळाखाली चार शतके राहूनही अनेक धनुष्ये आपला आकार टिकवून होती. १९८४ साली, जहाज बुडाले त्याच तारखेला, त्यातील एका अनामिक खलाशाच्या अस्थी पोर्ट्समथच्या कॅथेड्रलमध्ये विधिपूर्वक पुरण्यात आल्या. त्या अस्थींना नाव नव्हते, आणि त्याने ओढलेले धनुष्य घडवणाऱ्या माणसालाही नाव नाही.

यूचा ख्रिस्तसभेशी आणखी एक संबंध आहे. ब्रिटनमधील असंख्य जुन्या चर्चच्या आवारात, दफनभूमीत, यूचे महाकाय वृक्ष उभे आहेत. स्कॉटलंडमधील फॉर्टिंगल येथील वृक्ष तर हजारो वर्षांचा मानला जातो. आज जिथे चर्च आहे तिथे ख्रिस्ती धर्म पोहोचण्यापूर्वीच काही वृक्ष उभे असावेत. या झाडाची पाने आणि बिया विषारी आहेत, बीभोवतीचा लाल गर तेवढा निर्विष. सेमिनरीत लॅटिन शिकताना आम्ही सीझरचे गॉलमधील युद्धांचे वर्णन वाचले होते. त्यात एका पराभूत वृद्ध राजाने यूचे विष घेऊन प्राण दिल्याचा उल्लेख आहे. ग्रीक भाषेत धनुष्याला 'टॉक्सॉन' म्हणत, त्यावरून बाणाला लावण्याच्या विषाला शब्द आला आणि आज डॉक्टर ज्याला 'टॉक्सिन' म्हणतात तो त्याचाच वंशज. ख्रिस्तसभेने या मृत्यूच्या साधनाचा विचार केला नाही असेही नाही. ११३९ साली पोप इनोसंट दुसरे यांच्या काळात भरलेल्या लॅटरनच्या दुसऱ्या परिषदेने आपल्या २९ व्या नियमात ख्रिस्ती लोकांविरुद्ध आडधनुष्य व धनुष्य चालवण्याची कला निषिद्ध ठरवली. राजांनी तो नियम पाळला नाही. आणि निषेध ख्रिस्ती लोकांपुरताच का, हा प्रश्नही आजचा वाचक विचारील. तो विचारणे योग्यच आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. भारतात यू आहे, पण तो हिमालयात. गढवालात त्याला थुनेर म्हणतात, आणि काही भागांत बिरमी. सह्याद्रीत यू नाही. मग येथील धनुर्धराने काय केले? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात धनुष्याचे चार प्रकार सांगितले आहेत. ताडाचे, विशिष्ट बांबूचे, लाकडाचे आणि शिंगाचे. दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, वेळू, स्नायू आदी द्रव्ये दिली आहेत. अग्निपुराणातील धनुर्वेदाच्या भागात लाकडांची नावे येतात आणि शरद ऋतूत घेतलेल्या बांबूचे धनुष्य सर्वश्रेष्ठ ठरवले जाते. परकीयांनीही हेच पाहिले. इसवी सनापूर्वी ४८० साली झर्क्सिसच्या सैन्यात सुती वस्त्रे नेसलेले, वेताबांबूची धनुष्ये धारण केलेले भारतीय सैनिक होते, असे हिरोडोटसने लिहिले आहे. अलेक्झांडरच्या नौदलप्रमुखाच्या आधारे अॅरियन सांगतो की, भारतीय धनुष्य माणसाच्या उंचीचे असे, ते जमिनीवर टेकवून डाव्या पायाने रेटत ओढले जाई आणि त्याच्या बाणापुढे ढाल टिकत नसे.

आमच्या उत्तर कोकणात या परंपरेला दोन आधार आहेत, धामण आणि बांबू. धामणीचे झाड कोकण व सह्याद्रीच्या पानझडी जंगलात सर्रास आढळते. संस्कृतात त्याचे नाव 'धन्वन' असे आहे आणि 'धन्वन्' म्हणजे धनुष्य, यातच सर्व काही आले. त्याचे लाकूड चिवट व लवचिक. कुऱ्हाडीचा दांडा, कावडीचा दांडा, गाडीच्या दांड्या आणि होडीची वल्ही यांसाठी ते नावाजलेले आहे. कावड खांद्यावर घेऊन चालणाऱ्याला विचारावे. दांडा पावलागणिक खाली जातो आणि वर येतो, मोडत मात्र नाही. धनुष्याला लागणारा गुण तोच.

तथापि वारली, कातकरी, ठाकूर आणि उत्तरेकडील भिल्ल यांचा खरा आधार बांबू. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे झाड नसून गवत आहे. त्याच्या भिंतीतील बळकट धागे बाहेरच्या सालीलगत दाट आणि आतल्या बाजूस विरळ असतात. म्हणून साल धनुष्याच्या पाठीकडे ठेवली की ताण सोसणारा भाग नेमका जिथे हवा तिथे येतो. यूच्या रसकाष्ठाने युरोपात जे काम केले, ते आमच्याकडे बांबूच्या सालीने केले. एकमेकांना कधीही न भेटलेल्या दोन कारागिरांना एकच सत्य सापडले. पोकळ कळकापेक्षा जाड भिंतीचा, जवळजवळ भरीव असा मानवेल या कामी अधिक पसंत केला जातो.

बांबू कधी तोडावा याचे नियम त्या वृद्ध गृहस्थांनी आम्हांला दुसऱ्या भेटीत, आमची फजिती ऐकून मनसोक्त हसून झाल्यावर, सांगितले. कोवळा बांबू घ्यायचा नाही. तीन-चार पावसाळे पाहिलेला, हिरवी झळाळी गेलेला आणि बोटाने ठोकल्यावर खणखणीत वाजणारा घ्यायचा. पावसाळ्यात तोडायचा नाही, पाऊस संपून थंडी पडली की तोडायचा, आणि तोही अंधाऱ्या पंधरवड्यात. चांदण्यात तोडलेला बांबू भुंगा खातो, असे ते म्हणाले. चंद्राबद्दल आम्ही काही मत देत नाही. परंतु ऋतूचा नियम शास्त्राच्या कसोटीला उतरतो. बांबूला पोखरणारा भुंगा त्यातील पिष्टासाठी येतो. पावसाळ्यात नवे कोंब फुटतात तेव्हा बेटातील साठे व रस हालचालीत असतात, आणि नवी वाढ संपल्यानंतर, कोरड्या थंडीत, ओलावा व पिष्ट दोन्ही तुलनेने कमी असतात. शरदातील बांबूची शिफारस करणारा प्राचीन ग्रंथकार आणि पाड्यावरचा निरक्षर वृद्ध यांचे येथे एकमत होते.

तोडल्यावर बांबू ओढ्याच्या वाहत्या पाण्यात दगडाखाली काही आठवडे बुडवून ठेवतात. सुकवायची वस्तू आधी भिजवायची, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटते. पण पाणी त्यातील साखर व पिष्ट धुऊन नेते आणि मग भुंग्याला तेथे खाण्यासारखे काही राहत नाही. नंतर बांबू सावलीत उभा करून वाऱ्यावर सुकवतात. जमिनीवर आडवा टाकल्यास खालून वाळवी व ओल धरते, उन्हात टाकल्यास तडकतो. धामणीच्या लाकडाची टोके शेण-मातीने लिंपतात. युरोपातल्या मेणाचे काम येथे शेणाने होते. शेवटी अर्धवट घडवलेली कांब चुलीवरच्या माळ्यावर ठेवतात. तेथे महिनोन्महिने धूर लागून ती तांबूस-काळी होते. धुरामुळे कीड लागत नाही, आणि चुलीची रोजची मंद ऊब भर पावसातही ओलावा आत शिरू देत नाही. वर्षाचे चार महिने हवेत पाणी तरंगत असते अशा कोकणात लाकूड मुरवण्याची याहून योग्य भट्टी कुणी सुचवावी! ज्या धुराने घरातील बायकांचे डोळे चुरचुरत, तोच धूर घराचे हत्यार राखीत असे, हे सांगताना त्या धुराचे गुणगान करण्याचा आमचा हेतू नाही. पण नोंद करणे भाग आहे.

भिल्लांनी तर दोरीही बांबूचीच केली. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात भिल्लांच्या धनुष्याचे वर्णन आहे. बांबूचे धनुष्य, बांबूच्या लवचिक सालीच्या पातळ पट्टीची दोरी आणि बांबूच्याच चटईचा भाता, ज्यात वारभर लांबीचे साठ बाण मावत. मासे मारण्याच्या बाणाचे टोक दांडीपासून सुटे होई. दोरीने बांधलेली हलकी दांडी पाण्यावर तरंगे आणि जखमी मासा कुठे गेला हे दाखवी. एका बेटातून धनुष्य, दोरी, बाण आणि भाता असे सगळे निघत असे. दुकानातून आणायचे ते फक्त लोखंडी टोक.

येथे एक शंका येईल. मध्ययुगीन भारतातील नामांकित धनुष्ये तर शिंग, लाकूड व स्नायू सरसाने जोडून केलेली होती. मग ती आदिवासींच्या बांबूपेक्षा श्रेष्ठ नव्हेत काय? पल्ल्याच्या बाबतीत निश्चित श्रेष्ठ. पण सरस हा प्राणिज पदार्थ, दमट हवेत तो सुटतो. दिल्ली-आग्र्याच्या कोरड्या हवेत जे धनुष्य पिढ्यान्‌पिढ्या टिकते, ते कोकणच्या आषाढात हतबल होते. राजाचे शस्त्र कोठारात जपावे लागे आणि गरिबाचे शस्त्र चुलीवर आपोआप जपले जाई. हवामान ही इतिहासातील मोठी शक्ती आहे, पण तिचा उल्लेख तहनाम्यात नसतो.

आता या विद्येच्या ऱ्हासाचे कारण पाहू. बंदुकीमुळे धनुष्य मागे पडले असे सरसकट लिहिले जाते. राजांच्या सैन्यापुरते ते बरोबर आहे. पाड्यावरचे धनुष्य मात्र बंदुकीपुढे हरले नाही, त्याला कायद्याने अडवले. १८६५ आणि त्यानंतर १८७८ च्या वन कायद्याने सरकारने जंगले राखीव व संरक्षित म्हणून ताब्यात घेतली. ज्या बेटातून आजोबांनी कांब आणली, त्याच बेटातून कांब आणणारा नातू गुन्हेगार ठरू लागला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत या निर्बंधांविरुद्ध इतका असंतोष उसळला की, सरकारला १८८५ साली चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला आणि त्याचा अहवाल १८८७ साली आला. १९२७ च्या कायद्याने 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत बांबूचाही समावेश केला. गवत कायद्याने झाड झाले आणि ते तोडणारा कायद्याने चोर झाला. इंग्लंडच्या राजाने प्रजेकडे धनुष्याचे लाकूड आणा म्हणून सक्ती केली होती. त्याच देशाच्या राज्यकर्त्यांनी येथे प्रजेला लाकडाजवळ जाण्यास मनाई केली. दोन्हीकडे हेतू एकच होता, लाकडावर सत्ता कुणाची हे ठरवणे.

जंगलाचे रक्षण नको असे आम्ही म्हणत नाही. आल्प्सच्या यूची कथा वर सांगितलीच आहे, आणि बेसुमार तोड कोणत्याही नावाखाली झाली तरी ती तोडच. पण मुरलेल्या बांबूचा नियम तीन पावसाळ्यांहून कोवळा दांडा न तोडण्याचा आहे. ज्याला वर्षाकाठी एक धनुष्य हवे तो बेट संपवत नाही. उलट ते जपतो, कारण पुढच्या वर्षीही त्याला तेथेच यायचे असते. ही गोष्ट कायद्याला समजायला फार काळ लागला. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू हे गौण वनउपज मानून त्यावर वननिवासींचा हक्क मान्य केला. २०११ साली आपल्याच राज्यातील गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा या गावाला स्वतःच्या जंगलातील बांबू विकण्याचा अधिकार प्रत्यक्ष मिळाला. २०१७ साली जंगलाबाहेर वाढणाऱ्या बांबूला झाडाच्या व्याख्येतून वगळण्यात आले. नव्वद वर्षांनी गवत पुन्हा गवत झाले. मधल्या काळात किती हातांतून ही विद्या निसटली याचा हिशेब कोणत्याच अहवालात नाही.

यूच्या कथेला मात्र एक अनपेक्षित वळण मिळाले आणि ते वळण आमच्या वांद्र्याच्या टेकडीपर्यंत येऊन पोहोचते. १९६२ साली अमेरिकेत पॅसिफिक यूची साल औषधी संशोधनासाठी गोळा करण्यात आली. १९७१ साली वॉल आणि वाणी या शास्त्रज्ञांनी त्यातील कर्करोगविरोधी द्रव्याची रचना प्रसिद्ध केली. १९९२ साली 'टॅक्सॉल' या नावाने ते औषध म्हणून मान्य झाले. यांपैकी मनसुख वाणी हे भारतात जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले. मुंबईशी असलेला हा धागा आम्हांला विशेष वाटतो. आरंभी या औषधासाठी झाडाची साल सोलावी लागे आणि साल सोललेले झाड मरत असे. हिमालयातील थुनेरवरही याच मागणीमुळे संकट आले, म्हणून १९९५ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आणले गेले. पुढे युरोपीय यूच्या पानांतून आणि नंतर वनस्पतिपेशींच्या संवर्धनातून औषध मिळू लागले. पाने पुन्हा फुटतात, झाड जगते. झाड न मारता त्याचे दान घेण्याची युक्ती माणसाला येथे एकदाची सुचली.

माउंट मेरीच्या टेकडीवर, बॅसिलिकेच्या शेजारी, शांती अवेदना ही संस्था १९८६ पासून कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णांची सेवा करीत आहे. आम्ही तेथे अधूनमधून जातो. परळच्या रुग्णालयात औषधोपचार करून आलेल्या रुग्णांपैकी एखाद्याच्या कागदपत्रांत त्या औषधाचे नाव दिसते. ज्या झाडापासून क्रेसीच्या रणांगणावर मृत्यू सुटला, त्याच झाडाने या रुग्णाला कदाचित काही महिने, कदाचित एखादे वर्ष अधिक दिले. नातवंडाचे बारसे पाहण्यापुरते, लेकीचे लग्न पाहण्यापुरते. झाड तेच. माणसाने त्याच्याकडे काय मागितले, एवढाच काय तो फरक.

धनुष्याची आठवण आमच्या भाषेत आणि रस्त्यांत अजून रेंगाळते. चर्चच्या दाराच्या अर्धवर्तुळाला आपण कमान म्हणतो. हा फारसी शब्द मुळात धनुष्याचाच. काही वर्षांपूर्वीपर्यंत वांद्र्याच्या गल्ल्यांतून पिंजारी आपल्या पिंजणाची तार टणत्कारत फिरत असे, तोही धनुष्याचाच सूर. २०२३ साली बर्लिन येथे साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे तिरंदाजीत जगज्जेते झाले. त्यांच्या हातातील धनुष्य धातू आणि कार्बनचे होते, त्यात लाकडाचा संबंध नव्हता. आम्हांला त्यांचा अभिमानच वाटला. जुनी विद्या सोडून नवीन घेण्यात काही गैर नाही. जुनीला नाव न देता ती विसरणे मात्र गैर आहे.

जुन्या करारातील उत्पत्तीच्या पुस्तकात जलप्रलयानंतर परमेश्वराने मेघांत आपले धनुष्य ठेवल्याचे वर्णन आहे. मूळ हिब्रू भाषेत तेथे जो शब्द येतो तोच युद्धातील धनुष्याचाही शब्द आहे. अभ्यासकांनी याचा अर्थ असा लावला आहे की, लढाई संपली म्हणून धनुष्य बाजूला टांगून ठेवले आहे. धनुष्य टांगून ठेवायचे तर दोरी उतरवूनच, हे आता आम्हांला कळते. चढवलेल्या दोरीने लाकूड शांतपणे मोडत जाते, आणि जो सदैव ताणलेला राहतो त्याचेही तसेच होते.

यंदाच्या हिवाळ्यात त्या वृद्ध गृहस्थांनी आमच्यासाठी नवा बांबू ओढ्यात बुडवला आहे. तो होळीपर्यंत सुकेल, मग घडेल आणि पुढचा पावसाळा त्यांच्याच चुलीवर काढील. तेव्हा कुठे तो आमच्या हाती येणार. वर्षभर थांबावे लागेल का, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, "फादर, बांबूला घाई नाही, तुम्हांला का?" आमच्याकडे उत्तर नव्हते. जुने वाकलेले धनुष्य आम्ही टाकून दिलेले नाही. दोरी उतरवून ते आम्ही मेजाजवळ ठेवले आहे. त्याच्याकडे पाहिले की इतिहासाच्या समासात न लिहिलेल्या त्या माणसाची आठवण राहते.